चिमणीचा डोळा

कागद काही कापडासारखा समजूतदार नसतो. कापडावर टाका चुकला तर दोरा उसवावा, नखाने जरा चोळावं, विषय संपला. कागदाला एकदा भोक पडलं की ते जन्माचं. शुभेच्छा कार्डांवर भरतकाम करणाऱ्या दोघी बहिणींना हे पहिल्याच महिन्यात कळलं, आणि त्यांनी कामाची वाटणी करून टाकली. थोरलीने भोकं पाडायची, धाकटीने त्यांतून दोरा ओवायचा. थोरलीचा हात स्थिर होता, स्वभावही. धाकटी म्हणजे नुसता फटाका. "तुझ्या हातात टोचणी दिली तर कार्डाची चाळण होईल, चिमणे," असं थोरली म्हणायची. चिमणी साठीला आली तरी चिमणीच राहिली होती.

खोली एवढीशी. खिडकीला लागून टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. थोरलीपुढे दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, त्यावर कार्ड, कार्डावर नक्षीचा साचा. लाकडी मुठीच्या सुईने ती टक् टक् भोकं पाडत जायची आणि कार्ड पलीकडे सरकवायची. मग धाकटीचे रेशमी दोरे, टिकल्या, लेस, रिबिनी. सगळ्यात शेवटी आतल्या बाजूच्या गाठी झाकायला एक कोरा कागद चिकटवायचा. त्याला त्या अस्तर म्हणायच्या. ते थोरलीच कापून, घडी घालून प्रत्येक कार्डात ठेवायची. धाकटी ते न उघडता बाजूला इस्त्रीखाली दाबून ठेवायची, कारण त्याची गरज लागायची ती अगदी शेवटी.

अख्ख्या गावाच्या वाढदिवसांना त्यांची कार्डं गेली. एकमेकींना मात्र त्यांनी कधी एक कार्ड दिलं नाही. "घरातल्या घरात कसली कार्डं? देवाने तोंड दिलंय ना?" थोरली म्हणायची. आणि दिलेल्या तोंडाने दोघी दिवसभर भांडायच्या.

मग थोरलीची नजर अधू व्हायला लागली. बोलली नाही, पण कार्डं बोलायला लागली. पाकळी एका अंगाला कलायची, वेलीचं एखादं भोक राहून जायचं. राहिलेलं भोक धाकटी गुपचूप पाडून घ्यायची. जास्तीचं पडलं असेल तर त्यावर मणी चिकटवायची, जसा काही तो नक्षीतच होता. मग कार्ड समोर धरायची. "बघ गं ताई, दिसतंय का काही?" थोरली कार्डावरून बोट फिरवायची. बोट मण्यापाशी जरासं थांबायचं. "अजिबात नाही," ती म्हणायची. धाकटीला वाटायचं, चला, हिला पत्ता नाही लागला.

असं दोन वर्षं चाललं. एक दिवस त्यांची कार्डं विकणाऱ्या दुकानदाराने बाराच्या बारा कार्डं परत पाठवली. हल्ली तुमच्या प्रत्येक फुलावर मणी का असतो, गिऱ्हाईक विचारतं, असा निरोपही धाडला. धाकटीचा पारा चढला. राग दुकानदाराचा होता, निघाला बहिणीवर.

"आंधळी झालीयेस तू! तुझी भोकं झाकता झाकता माझे मणी संपले!"

थोरलीच्या हातातली सुई थांबली. थोड्या वेळाने टक् टक् पुन्हा सुरू झालं. धाकटीने त्या दिवशी चहाही वेगळा घेतला. माफी मागायची होती हो तिला! पण उभ्या जन्मात एकमेकींची माफी मागायची सवयच नव्हती, शब्द जिभेवर येऊन परत जायचे. उद्या बोलू, परवा बोलू. नवव्या दिवशी थोरली सकाळी उठलीच नाही.

टेबलावर तिने टोचून ठेवलेल्या कार्डांचा गठ्ठा राहिला. धाकटी दिवसाला एकच शिवायची. गठ्ठा आहे तोवर ताई समोर बसलेली आहे, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. शिवताना एकच प्रश्न तिला कुरतडत राहायचा. ताई मनात राग घेऊन गेली का?

शेवटचं कार्ड निघालं. नक्षी नवीच होती. असा साचा घरात कुठेच नव्हता, म्हणजे थोरलीने मनानेच टोचलेली. भोकं वाकडी, एखाद्या ठिकाणी दोन-दोन. धाकटीने अस्तर काढून इस्त्रीखाली ठेवलं आणि तपकिरी दोरा ओवला. दुपारपर्यंत फांदी झाली, पंख झाले, चोच झाली. चिमणी होती. आणि चिमणीला डोळाच नव्हता.

"घ्या! डोळाच विसरली," ती पुटपुटली. "शेवटपर्यंत आंधळी ती आंधळीच."

सवयीने तिने सुई उचलली, डोळ्याच्या जागी भोक पाडलं आणि काळ्या दोऱ्याची जाड गाठ बसवली. मग डिंक लावायला अस्तर उघडलं.

आत पेन्सिलीची अक्षरं होती. मोठी, एकमेकांवर चढलेली.

"चिमणे, डोळा विसरले नाहीये. मुद्दाम सोडलाय. तिथे तुझा मणी लाव, निळा. तू मणी लावतेस ते मला पहिल्यापासून माहीत आहे. परवा ओरडलीस ते बरं केलंस, नाहीतर दोघी एकमेकींपासून लपवत बसलो असतो. वाढदिवसाला हे घे. तोंडाने नाही जमणार मला. ताई."

धाकटीने तो कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचता येईना. सगळ्या जन्मात बहिणीने एकच भोक जाणूनबुजून पाडायचं सोडलं होतं, आणि नेमकं तेच हिने पाडलं होतं. वर पुन्हा आंधळी म्हणाली होती.

तिने कात्रीच्या टोकाने काळी गाठ कापली. दोरा निघाला, भोक राहिलं, गाठीने ताणलेलं. मण्यांची डबी उपडी केली. टिकल्या, पांढरे, लाल. तळाला चिकटलेला एक निळा मणी तिने नखाने सोडवला. म्हणजे संपले नव्हते. डिंकाचा थेंब ठेवून तिने तो भोकावर बसवला आणि वाळेपर्यंत बोटाने दाबून धरला.

मग कार्ड समोरच्या खुर्चीकडे वळवून धरलं.

"बघ गं ताई, दिसतंय का काही?"

खुर्चीवर नमदा गुंडाळून ठेवलेला होता. धाकटीने वाट पाहिली. शेवटी कार्ड स्वतःकडे फिरवलं, थोरलीसारखं हळूहळू त्यावरून बोट नेलं. बोट मण्यापाशी थांबलं. मण्याखालच्या भोकाची कड लागली तिला.

"अजिबात नाही," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.