सर कौतुक करायला शिकले

डॉ. अच्युत मोघे सरांनी पहिल्याच भेटीत मला लॉटरीचे तिकीट काढण्याचा सल्ला दिला होता. ‘पहिल्या परिचयापासून सुरुवात करा’ अशी या गौरवग्रंथाच्या संपादकांची सूचना असल्यामुळे ही गोष्ट लपवता येत नाही.

तेव्हा मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. पीएच.डी. करायची फार इच्छा होती, पण तो खर्च आमच्या धायरीच्या घराला झेपणारा नव्हता. कोथरूडला एक निवृत्त प्राध्यापक आपल्या सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी वर्ग घेतात, पीएच.डी.साठी देशात आणि परदेशात कुठून पैसे मिळू शकतात ते सांगतात, आणि तेही फुकट, असे कळले म्हणून गेले. दारावर सुवाच्य अक्षरांत सूचना होती : ‘चपला बाहेर काढाव्यात. शंका आत आणाव्यात. कुठेही चालेल म्हणणाऱ्यांनी घरीच थांबावे.’ मी ती वाचली, चपला काढल्या आणि आत जाऊन नेमके तेच म्हणाले.

“सर, मला पीएच.डी.साठी स्कॉलरशिप हवी आहे.”

“विषय?”

“ज्याला मिळेल तो. कुठेही चालेल.”

“अहो, मग पीएच.डी. कशाला? लॉटरीचं तिकीट घ्या. त्यात गाईड लागत नाही.”

सगळे हसले. मी फणकाऱ्याने मागच्या खुर्चीवर जाऊन बसले, पण उठून गेले नाही. कारण सर जे सांगत होते, ते तोवर मला कुणी सांगितलेच नव्हते.

सर फळ्याच्या मधोमध रेघ मारत. डावीकडे देश, उजवीकडे परदेश. डावीकडे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, राज्य सरकारच्या योजना, संशोधन प्रकल्पांतल्या जागा. उजवीकडे विद्यापीठ स्वतःच पगार देते अशा जागा, तिकडच्या सरकारी शिष्यवृत्त्या, आणि नोंदणी इथे करून वर्षभर तिकडच्या प्रयोगशाळेत जाण्याची सोय. हे सगळे हल्ली मोबाईलवरही सापडते. सरांचा प्रश्न मात्र मोबाईल विचारत नाही. सर विचारत, “तुमचा प्रश्न राहायला कुठे आहे?” प्रश्न जिथे सुटणार असेल तिथे आपण जायचे आणि तिथलेच पैसे मागायचे, असा त्यांचा साधा हिशेब.

यवतमाळहून आलेल्या प्रमोदला कपाशीवरच्या किडींवर काम करायचे होते आणि जायचे होते कॅनडाला. सरांनी शांतपणे विचारले, “किडी व्हिसा काढून येणार आहेत का?” प्रमोदने इथलीच फेलोशिप मिळवली. पुढे ती कुठल्याशा टेबलावर अडकली आणि महिने जायला लागले. तेव्हा मोघेकाकूंनी त्याला दोन्ही वेळचा डबा सुरू केला आणि सर एके दिवशी त्याच्याबरोबर त्या कार्यालयात गेले. “मी रिटायर्ड आहे, मला वेळच वेळ आहे,” एवढेच बोलून ते समोरच्या बाकावर पुस्तक उघडून बसले. आवाज चढवला नाही, ओळख सांगितली नाही. दुपारच्या चहाच्या आत प्रमोदची फाईल पुढे सरकली. आज तो नागपूरला आहे आणि सरांना दर दिवाळीला न चुकता संत्री पाठवतो.

माझा प्रश्न राहायला सिंहगडाच्या पायथ्याशी निघाला. डोंगरातले झरे भर उन्हाळ्यात कसे टिकतात, हा तो प्रश्न. सर निवृत्तीनंतरही झऱ्यांची पाहणी करत होते. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षे डोंगर तुडवले. मात्र झऱ्याचे पाणी किती वर्षांपूर्वी जमिनीत मुरले ते सांगणारी यंत्रे जर्मनीतल्या एका विद्यापीठात होती. तिथल्या शिष्यवृत्तीला वयाची अट होती आणि माझ्या हातात दोनच संधी उरल्या होत्या.

पहिल्या वर्षी मी मुलाखतीपर्यंत पोहोचले. निवड समितीने प्रथेप्रमाणे सरांना व्हिडिओ कॉल करून माझ्याविषयी विचारले. आता मोघे सरांची कौतुकाची मोजपट्टी ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. तिच्यावर खुणा दोनच होत्या. ‘ठीक’ म्हणजे पास आणि ‘बरं’ म्हणजे प्रथम श्रेणी. त्याच्यावर काही म्हणायची वेळ आलीच, तर सर चष्मा पुसत. त्या दिवशी त्यांनी समितीला सांगितले, “शी इज ऑल राइट. नॉट बॅड.” मग बाहेर येऊन काकूंना म्हणाले, “आज जरा जास्तच बोललो.”

मला नकार आला. संदर्भ देणाऱ्या व्यक्तीचा पाठिंबा पुरेसा ठाम वाटला नाही, असे कारण त्यात होते. मी इतकी संतापले होते की शनिवारी फिरकलेच नाही. शेवटी काकूंनीच फोन करून बोलावून घेतले. कारण ऐकून सरांनी नकाराचे पत्र मागून घेतले आणि दोनदा वाचले.

“म्हणजे मी वाईट बोललो असं वाटलं त्यांना?”

“हो, सर.”

“पण मी तर नॉट बॅड म्हणालो!”

“अहो, जन्म गेला तुमच्याबरोबर,” काकू म्हणाल्या, “मला अजून नॉट बॅड मिळायचंय.”

दुसरा कुणी म्हणाला असता, ‘ते लोकच तसे, त्यांना कळत नाही.’ सर तसे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “पोकळे, तुमचं नुकसान झालं. हे मला शिकायला हवं.” त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट होते. इतक्या उशिरा स्वतःची सवय मोडायला बसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आणि सर खरेच शिकायला बसले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना म्हणाले, “मेथी उत्कृष्ट आहे.” मावशींनी लागलीच भाव वाढवला. सोसायटीच्या वॉचमनला म्हणाले, “तुम्ही काम फार छान करता.” त्याने घाबरून सेक्रेटरींना विचारले, ‘मला काढताय का?’ काकूंच्या उपम्याला एका सकाळी ‘अप्रतिम’ म्हणाले, तेव्हा काकूंनी आधी गॅस बंद केला आणि मग रक्तदाब मोजायचे यंत्र आणले.

विशेषणे काही केल्या तोंडात बसेनात. दुसऱ्या वर्षीच्या कॉलआधी काकूंनी रंगीत तालीम ठेवली. समिती म्हणून त्या स्वतः बसल्या. सर म्हणाले, “शी इज एक्स्ट्रॉर्डिनरी,” आणि चेहरा असा केला, जणू कडू काढा घोटाघोटाने गिळताहेत. मला हसू आवरेना.

“विशेषणं सोडा हो,” काकू म्हणाल्या. “ती काय करते ते सांगा. घरी येऊन मला सांगायचात तसं.”

सर खिडकीबाहेर बघत बोलू लागले. मे महिन्यातली गोष्ट होती. एका झऱ्याचे पाणी मी मोजून आले होते आणि घरी आल्यावर मला शंका आली, की मोजण्याआधी बायका नुकत्याच हंडे भरून गेल्या होत्या, म्हणून धार बारीक लागली असणार. दुसऱ्या दिवशी मी एकटीच बस पकडून पुन्हा वर गेले, मोजले आणि आकडा बदलला. अहवालात खाली बारीक टीप टाकली होती, तेवढीच. त्याबद्दल सर मला कधी अवाक्षर बोलले नव्हते.

“हिची चूक कुणाच्याही लक्षात आली नसती,” सर म्हणाले. “हिने ती स्वतः शोधली. इतकी वर्षं शिकवलं, असे विद्यार्थी फार थोडे भेटले. मी स्वतःही नेहमीच त्यांच्यात होतो असं नाही.”

मला रडू आले. ज्या माणसाला आपले काही दिसत नाही असे मी दोन वर्षे धरून चालले होते, त्यांनी सगळे पाहिले होते.

“हेच सांगा,” काकू म्हणाल्या.

खऱ्या कॉलच्या दुपारी सरांनी आम्हा दोघींना घराबाहेर काढले. उमेदवाराने तिथे असणे नियमात बसत नाही म्हणून मला, आणि हसतील म्हणून काकूंना. आम्ही खाली बाकावर बसलो. शेजारचे जोशीकाका विचारायला आले, “काय झालं? भांडण?” काकू म्हणाल्या, “छे हो, आत कौतुक चाललंय.” जोशीकाकांचा विश्वास बसला नाही.

माझी निवड झाली. पेढे घेऊन घरी गेले तेव्हा आई म्हणाली, “म्हंजे सर बोलाया शिकलं म्हनायचं!”

सरांनी ही विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या कडक शिस्तीच्या निवृत्त प्राध्यापकांना बोलावून त्यांनी चक्क एक वर्ग घेतला. विद्यार्थ्यासाठी संदर्भ देताना विशेषणे लावू नका, प्रसंग सांगा, हा विषय. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, “कौतुकानं पोरं बिघडतात.” सर म्हणाले, “न केल्यानं नापास होतात. मी करून पाहिलंय.” त्या वर्गाचा फायदा झालेली मुले आज देशात आणि बाहेर फेलोशिपवर काम करत आहेत.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना मीही सरांचीच पद्धत वापरते आणि एक प्रसंग सांगते. जर्मनीत माझ्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेचा शीतकक्ष बंद पडला आणि मी नेलेले झऱ्यांचे नमुने वाया गेले. उन्हाळ्याचे नवे नमुने महिनाभरात आले नाहीत, तर शिष्यवृत्तीचा पुढचा टप्पा थांबणार होता. मी सरांना फोनवर हे सांगितले आणि कुणी तरुण मुलगा पाठवता येईल का असे विचारले. “बघतो,” म्हणून सरांनी फोन ठेवला. ठरल्या मुदतीत बाटल्या आल्या. प्रत्येकीवर झरा, तारीख, वेळ, धारेची मापे, सगळे चोख. कोण गेले होते ते सरांनी सांगितले नाही. ते आईने सांगितले : “कोन पोरगं न्हाई गेलं, सरच गेलं हुतं. गुडघ्याला पट्टा बांधून. दर झऱ्याला दम खात. आपल्याकडं पानी प्याया थांबलं हुतं, तुला सांगू नका म्हनलं.”

माझा प्रबंध त्या बाटल्यांतल्या पाण्यावर उभा आहे. तो संपवून मी पुण्याला परत आले आणि आता इथल्या मुलांना त्याच डोंगरावर नेते. त्या चढावर तरण्या मुलांनाही धाप लागते. दर वेळी तिथे मला सर आठवतात. सर, आजवर आपल्यासमोर हे बोलायचे धाडस झाले नाही : माझ्यासाठी इतके कुणीच केलेले नाही आणि माझे आपल्यावर फार प्रेम आहे.

शुभेच्छा देताना मात्र मी स्वार्थीपणाच करणार आहे. गेल्या शनिवारी धायरीहूनच आलेली, अकरावीत शिकणारी एक मुलगी आपल्या वर्गात पहिल्या रांगेत बसली होती. तिला पीएच.डी. करायची आहे आणि तिचा प्रश्न राहायला कुठे आहे हे तिला आत्ताच ठाऊक आहे. तिची पदवी, मग एम.एस्सी., मग शिष्यवृत्तीचा अर्ज, मग निवड समितीचा कॉल. सर, तो कॉल आपल्यालाच येणार आहे आणि तो घ्यायला आपण ठणठणीत असायलाच हवे. त्यानंतर तिला पीएच.डी. पुरी करायला चार-पाच वर्षे लागतील, तेवढीही धरून चला. तोवर पहिल्या रांगेत दुसरी कुणीतरी येऊन बसलेली असेलच.

— डॉ. शुभदा पोकळे