ड्रिलच्या बिटाला बांधलेला दोरा

सुपात कापूस पिंजून ठेवलेला, ताटलीत जेमतेम वीस-बावीस वाती, आणि तेवढ्यावरच कस्तुराबाईंचा हात थांबला. रोज पूजेनंतर एकशे आठ वाती वळायच्या, मगच चुलीकडे वळायचं, हा त्यांचा नेम. पण बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये घरघरणाऱ्या ड्रिलचा आवाज मधेच बारीक झाला, लोण्यात सुरी जावी तसा सुळकन, आणि बंद पडला. दहा-बारा वर्षं त्या आवाजाच्या शेजारी काढलेल्या बाईला एवढं नक्की कळत होतं, की काम झाल्यावर ड्रिल असं थांबत नाही.

भुजंगराव आत आले. तेलाच्या हातानंच चौकट धरली आणि उंबऱ्यावर बसले.

"काय झालं हो?"

"काय न्हाई. पाणी दे. वाती वळ तू."

तांब्यातलं एक घोट पाणी प्याले आणि उरलेलं तसंच हातात धरून बसले. कस्तुराबाई सूप बाजूला सारून बाहेर गेल्या.

शेडमध्ये धम्मदीपची जुनी जीप तोंड उघडून उभी होती. जीप त्याच्या वडिलांच्या वेळची. शेतवस्तीच्या तीन गावांतल्या पोरी तो रोज सेलूला शाळेत आणून सोडायचा. इंजिनाच्या ब्लॉकवर पाण्याचा पंप धरून ठेवणारा एक बोल्ट आतच तुटून बसला होता, तो काढायला ड्रिल लावलं होतं. आता त्या बोल्टच्या शेजारी एक नवंच भोक दिसत होतं आणि त्यातून गंजाचं तांबडं पाणी थेंब थेंब गळत होतं. ड्रिल कडक बोल्टवरून घसरून शेजारच्या बिडाच्या मऊ ओतीव लोखंडात गेलं होतं, ते थेट पाण्याच्या वाटेपर्यंत.

धम्मदीप त्या थेंबांकडे बघत उभा होता.

"काकू, काका काई बोलनात. नुसतं उठून गेले."

सेलूत कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीतलं हे शेड कुणालाही विचारलं तरी सापडतं. पाटी नाही, नाव नाही. भुजंगराव तीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होते, तिथून सुटल्यावर दारातच पत्रे घातले. होईल किंवा होणार नाही असं ते कधी सांगत नाहीत. 'बघू' म्हणतात. गिऱ्हाइकांनी त्याचाही हिशोब बसवलाय. एकदा 'बघू' म्हणजे सांजच्याला गाडी न्यायला ये, दोनदा म्हणजे उद्या, आणि तीनदा म्हणजे गाडी भंगारात घाल.

त्यांची आणखी एक खोड. किती खोल जायचं ते मोजून ड्रिलच्या बिटाला त्या जागी दोरा बांधायचा. दोरा लोखंडाला टेकला की थांबायचं. आजकालची पोरं चिकटपट्टी गुंडाळतात. भुजंगरावांना मात्र कस्तुराबाईंनी वातीच्या कापसाला पीळ घालून केलेला पांढरा दोराच लागायचा.

गेल्या दिवाळीत ड्रिल सटकलं आणि त्यांच्या अंगठ्याला चार टाके पडले. त्या गुरुवारी कस्तुराबाई दत्ताच्या देवळात गेल्या, नवस बोलल्या आणि देवाच्या पायाशी ठेवलेला लाल दोरा घेऊन आल्या. 'आता हाच बांधत जा, हात सांभाळील,' म्हणाल्या. भुजंगरावांनी पांढरा सोडून तो बांधला. तेव्हापासून बिटाला लालच दोरा.

कस्तुराबाईंनी खाली पडलेलं ड्रिल उचललं. गाठ बांधली होती तिथंच होती, पण दोरा लोखंडाला घासून घासून त्याचा पार भुगा झाला होता. हात थांबलेच नव्हते.

भुजंगराव मागे येऊन उभे राहिले.

"काका, सोमवारपासून पोरींचे बारावीचे पेपर हायत," धम्मदीप म्हणाला. "एसटी तिकडं दुपारची जातीय. ह्या इंजिनाचा ब्लॉक आता कुठं मिळतोय?"

"बघू."

"एकदाच म्हणलाव का आजून दोनदा म्हणायचंय?"

भुजंगराव हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि गुडघ्यावर दोन्ही हात उपडे ठेवले.

"धम्मदीप, तू गाडी ओढून दुसऱ्याकडं ने. त्याला सांग, बिडाचा ब्लॉक हाय, वेल्डिंग मारू नको. बाजूनं तडकंल. आटे पाडायचे अन् पितळी बूच बसवायचं. काम अवघड न्हाई."

"मग तुमीच करा की."

"मी न्हाई. मी थकलो आता."

हे त्यांच्या तोंडून कस्तुराबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. टाके पडले तेव्हाही ते असं बोलले नव्हते. कस्तुराबाईंच्यानं राहवलं नाही.

"दोरा सरकला का हो? माझ्याच दोऱ्यानं झालं का?"

"दोरा जाग्यावर हुता." भुजंगराव जमिनीकडे बघत म्हणाले. "मलाच दिसला न्हाई. गंज तांबडा, पाणी तांबडं, दोराबी तांबडा. पांढरा असला की अंधुक का हुईना, कळायचं."

"मग सांगायचं की! तोंड शिवलं हुतं का?"

"तू देवाचा आणला हुतास. कसं सांगणार?"

कस्तुराबाईंनी ड्रिल खाली ठेवलं, आणि त्यांना पोथी आठवली. दर गुरुवारी भुजंगराव पोथीचा अध्याय वाचायचे. वर्षभर झालं, पोथी मांडीवर उघडी असायची आणि ते डोळे मिटून घडाघडा म्हणायचे. बघा, पाठ झाली माझ्या माणसाला, असं त्या शेजारच्या बायनाबाईला कौतुकानं सांगत होत्या. बायनाबाईनंही हात जोडले होते.

त्यांनी पदर खोचला.

"काय करायचं ते सांगा. डोळे माझे, अक्कल तुमची."

"आन् हात?" धम्मदीपनं विचारलं.

"हातबी माझेच. तू टॉर्च धर."

नशिबानं भोक आटे पाडायच्या मापाचंच होतं, पुन्हा ड्रिल लावायची गरज नव्हती. भुजंगरावांनी आटे पाडायचा टॅप काढला, कीस आत पडू नये म्हणून त्याला ग्रीस चोपडलं आणि बायकोच्या हातात दिला.

"सरळ धर. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. जोर लावू नको. वात वळतीस तसं."

अर्धा पुढं, पाव मागं. कस्तुराबाईंची पाठ भरून आली, मनगट दुखायला लागलं. धम्मदीप सारखा, "काकू, डावीकडं कललाय... आता बराबर," असं सांगत होता. मधेच म्हणाला, "पाटी लावा आता. कस्तुराबाई फिटर."

"टॉर्च हालवू नको, मेल्या."

बुचासाठी पितळ हवं होतं. "देवघरात मोडकी समई पडलीय, तिचा दांडा देऊ का?" त्यांनी विचारलं.

"देवाचं पुन्हा कशाला?" भुजंगराव म्हणाले. "डब्यात पितळी बोल्ट हाय एक." डबा चाचपून त्यांनी तो बरोबर काढलाही. आट्यांना गळती रोखणारा लेप लावून बोल्ट घट्ट पिळला, उरलेला तुकडा धम्मदीपनं कापला आणि भुजंगरावांनी कानशीनं घासून सपाट केला. ते मात्र त्यांनी स्वतःच केलं. कानस मारायची, बोट फिरवायचं, पुन्हा मारायची. तिथं डोळ्यांचं काम नव्हतं. तुटलेला बोल्ट छिन्नीनं उलटा ठोकत ठोकत धम्मदीपनं बाहेर काढला.

लेप वाळेपर्यंत दुपार कलली. कुणाला जेवायची शुद्ध नव्हती. नवा बोल्ट घालून पंप बसवला, पाणी भरलं, जीप सुरू केली आणि अर्धा तास तशीच चालू ठेवली. भुजंगराव इंजिनाकडे बघत नव्हते. बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

कस्तुराबाईंनी घरातून कापसाचा पेळू आणला आणि बुचाच्या कडेनं हळूच दाबून फिरवला. टॉर्चखाली धरून बघितला. भुजंगरावांच्या हातात दिला.

त्यांनी तो चिमटीत चुरला, गालाला लावला.

"कोरडा हाय."

"सोमवारी नेऊ ना पोरींना?" धम्मदीपनं विचारलं.

"दोन दिस रोज पाणी बघ. कमी झालं तर तसाच इकडं ये."

धम्मदीप गेल्यावर भुजंगरावांनी ड्रिलची वायर गुंडाळली आणि ते फळीवर अगदी मागे, डब्यांच्या पाठीशी ठेवलं. कस्तुराबाईंनी ते बघितलं. आत येऊन सुपापुढं बसल्या. बोटांना ग्रीस लागलेलं, राख लावून धुतलं तरी जाईना. वाती तशाच राहिल्या.

"आज नेम मोडला की तुझा," भुजंगराव उंबऱ्यावरून म्हणाले.

"मोडू द्या." त्यांनी सुपावर फडकं टाकलं. "तुमचं आधार कार्ड कुठं ठेवलंय? लवकर झोपा. सकाळच्या गाडीनं परभणीला जायचंय, डोळ्याच्या दवाखान्यात."