लाल पट्टीची पेटी

आमची सिग्नलची तुकडी गगनबावड्याला होती, कॉम्प्युटर कोल्हापुरात. टेलिफोन लाइनवरून डेटा पाठवायची सोय नव्हती. वर तो टेपवर भरायचा, टेप लोखंडी पेटीत ठेवायची, दर गुरुवारी सकाळी सात वाजता जीप निघायची. ड्रायव्हर नाईक शौकत मोमीन, इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या घरातला. एस्कॉर्ट मी, लान्स नाईक.

नियम एकच. मूळ टेपच्या पेटीवर लाल पट्टी, नकलेच्या पेटीवर काही नाही. लाल पट्टी असली की गाडी सोडा, पेटी सोडू नका.

त्या जुलैत सखल रस्त्यावर पाणी चढलं. आठ वाजून दहाला शौकतने जीप थांबवली. मी रेडिओवर वर तुकडीला गाठलं.

"रस्त्यावर पाणी आहे. परत फिरतो. ओव्हर."

"निगेटिव्ह. पेटी अकरापर्यंत पोचवा. ओव्हर."

"सायबास्नी म्हणावं, ढकलाय या की," शौकत म्हणाला आणि गिअर टाकला.

मध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी सीटपर्यंत आलं. रस्त्याकडेचे दगड धरत आम्ही दोघं कोरड्यात पोचलो. रेडिओचा सेट मी पाठीवर आणला होता.

"पेटी ऱ्हायली."

"राहू दे, शौकत."

"लाल पट्टी हाय न्हवं?"

तो परत गेला. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाला. दहा पावलांवर पाय सुटला. मी ओरडलो, "टाक ती!" त्याने टाकली नाही.

आठ चाळीसला मी रिपोर्ट दिला. ड्रायव्हर वाहून गेला, पेटीही गेली.

"डेटाची काळजी नको. ती नक्कल होती. ओव्हर."

वर गेल्यावर मी ऑफिसातल्या क्लार्क हवालदाराला धरलं. "मग लाल पट्टी कशी?"

"सुभेदार साहेबांचा हुकूम. सगळ्यांवर लावा म्हणाले. पोरं जपून नेतात."

शौकत तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत मी पट्टीचं सांगितलं. टाइप होऊन आलेल्या जबाबात ते वाक्य नव्हतं. चालकाचा स्वतःचा निर्णय, असं होतं. "सही कर," चौकशीचे साहेब म्हणाले. मी केली. त्यांचा जितका राग आहे, तितकाच मला त्या सहीचाही आहे.

मुलाने महत्त्वाचा डेटा वाचवायला जीव दिला, असं त्याच्या आईला कळवलं. गल्लीत त्या सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या. माझ्यासमोरही सांगायच्या. मी मान हलवायचो.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. आता मान हलवणार नाही. नाईक शौकत मोमीन उत्तम पोहायचा. हात मोकळे असते तर तो आला असता.