हाव कुणाला म्हणाले?

आमच्या नांदेडकडं 'हो'ला 'हाव' म्हणतात. वडिलांची बदली झाली, घर लातूरचं झालं, पण आईनं हाव सोडलं नाही आणि तिच्यामुळं मीही. पुण्याला बायबल कॉलेजात गेले तेव्हा मैत्रिणींना फुकटची करमणूक मिळाली. "भाजी वाढू?" "हाव." "अगं, एवढी कसली हाव?" पुस्तकातली हाव म्हणजे लोभ, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण भरल्या ताटावर कुणी असं हसलं की दुसऱ्यांदा वाढून घेववत नाही. मी 'हो' शिकले. तरी दमले, घाबरले की तोंडातून हावच निघतं.

पुढं मिशनची इंटर्न म्हणून वर्षभरासाठी इंग्लंडला गेले. समुद्रकाठचं लहानसं गाव, भलंमोठं चर्च आणि रविवारी पुढच्या दोन बाकांवर मावतील एवढीच म्हातारी माणसं. लहानपणापासून आम्ही ऐकलेलं, की तिकडून गोरे लोक आले, त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, शुभवर्तमान सांगितलं. मी आता उलट्या दिशेनं निघाले होते. मी कुणाला काय देणार होते? मी खुर्च्या मांडल्या. चहा केला, त्यांना आवडतो तसा, म्हणजे आपल्याकडं दिला तर पाहुणा उठून जाईल असा. एका आजींकडं दर आठवड्याला जाऊन बसायचे. त्या टीव्हीवर प्रश्नमंजुषा बघायच्या आणि उत्तर बरोबर आलं की माझा हात दाबायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "एवढ्या लांबून तू कशाला गं आलीस?" मी म्हणाले, "सेवेला." त्यांनी मान हलवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ही सेवा झाली का, हे मला अजून कळलेलं नाही. त्या आजींची आठवण मात्र फार येते.

वर्ष संपल्यावर लातूरला आले. वडील मी जाण्याआधीच वारले होते. घरात आई एकटी. लातुरात इंटर्न म्हटलं की एकच अर्थ, डॉक्टर व्हायला थोडं राहिलेलं माणूस. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काकांनी तर बाही वर करून हातच पुढं केला. "काका, मी चर्चमधली इंटर्न हाय." "ते असू दे की गं, बीपी तर बघ!"

चर्चमध्ये पाळकसाहेबांचा प्रश्न वेगळा. "पाचारण आहे का तुला?" पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं. "असेल तर परत जा. नसेल तर आईजवळ राहा." जसं काही ते कुरिअरनं यायचं होतं आणि मी सही करून घ्यायची होती. मी रोज प्रार्थना करत होते. मला कुकरच्या शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. जावं वाटायचं, आणि जावं वाटतं याचा रागही यायचा.

एका संध्याकाळी इंग्लंडातल्या त्या चर्चच्या पाळकबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पलंगावर बसूनच घेतला. शेजारी आई मेथी निवडत होती आणि नेहमीसारखी हळू आवाजात बोलत होती. माझ्या एका कानात इयरफोन, दुसरा कान आईकडं. पाळकबाईंनी सरळच विचारलं, "आणखी एक वर्ष येशील का?" माझ्या तोंडातून निघालं, "हाव."

पाळकबाई लगेच व्हिसा, तिकीट, वरच्या मजल्यावरची खोली असं सगळं समजावून सांगू लागल्या. झालं, मला वाटलं, ठरलं एकदाचं. आईला वेगळं सांगायची गरजच वाटली नाही. हाव तिनं ऐकलं होतंच.

पण मग आई खुलली. मेथीची डाळभाजी झाली, शेंगदाण्याची चटणी झाली. औशाहून मावशीला बोलावलं. माझी मोठी बॅग स्वतः पुसून माळ्यावर टाकली. मला समजेना. मी चालले आणि हिला आनंद? मला खरंच वाईट वाटत होतं. एक अश्रू तरी गाळायचा.

आठवड्याभरात पाळकबाईंचा परत फोन. "तू 'हाउ?' विचारलंस, म्हणून कसं यायचं ते मी सांगितलं. पण येणार का, ते तू सांगितलंच नाहीस."

माझं हाव त्यांनी इंग्रजीतलं 'कसं' म्हणून ऐकलं होतं! मी हसत सुटले. नंतर सांगते म्हणून फोन ठेवला आणि ही गंमत सांगायला स्वयंपाकघरात धावले. आई भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हंजे ते हाव तू त्या बाईला म्हणलीस?"

"मग कुणाला?"

"मी इचारलं होतं की तवा. आता हितंच राहतीस का गं, म्हणून. तू हाव म्हणलीस."

त्या दिवशी ती तेच बोलत होती. माझ्या उघड्या कानाशीच. मी ऐकलं नव्हतं, की ऐकलं होतं आणि त्यालाच उत्तर दिलं होतं? आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पाचारण असं दोन कानांनी एकदम येत असेल, तर माणसानं करायचं काय?

आईनं पिठाचे हात धुतले. स्टूल ओढलं आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून माळ्यावरची बॅग काढायला वर चढली. तिचे गुडघे आधीच दुखरे. मी धावत जाऊन स्टूल धरलं.

"आई, राहू दे."

तिनं बॅगेला हात लावला होता. खाली बघून म्हणाली, "राहू दे म्हंजे बॅग, का तू?"

"तू आधी खाली उतर."

भाकरी जळायला लागली होती. आई काही उतरेना आणि मला स्टूल सोडता येईना.