धुतलेला डोंगा

नोकरीत मोठमोठे गुन्हे हाताळले, पण जो शेवटी गुन्हाच निघाला नाही, तो बेटावरचा प्रसंग मला सगळ्यांत स्पष्ट आठवतो.

तेव्हा माझी नेमणूक गोंडपिपरी तालुक्यात होती. तिथे नदीच्या पात्रात एक मोठं बेट आहे. अलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्यात, पलीकडचा गडचिरोलीत. हिवाळ्यात एका शहरी महाविद्यालयाचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी त्या बेटावर अभ्यास सहलीला आले. सकाळी गट पाडून ते पांगले. कुणी अर्जुनाच्या सालीचे नमुने घेत होतं, कुणी पानं वर्तमानपत्रात दाबत होतं. पलीकडच्या गोंड वस्तीतला एक डोंगेवाला त्यांची ने-आण करत होता आणि त्याची बायको बेटावर सगळ्यांचा स्वयंपाक करत होती.

दुपारी ठाण्यात फोन आला. आमच्या काठावर जाळं टाकणाऱ्या एकाचा.

"साहेब, डोंगेवाल्यानं एका पोरीले लुगड्यात गुंडाळून त्या पार नेलं. संग एक बाई होती. पोरगी उठून नाई राह्यली!"

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही घाटावर पोहोचलो, तोवर बाकीचे विद्यार्थी अलीकडे परतले होते. एकोणीस वर्षांची एक मुलगी त्यांच्यात नव्हती. डोंगेवाला वाळूत उकिडवा बसला होता. त्याचा डोंगा आतून-बाहेरून धुऊन पालथा घातलेला.

"पुरावा धुतला साहेब," हवालदार माझ्या कानाशी म्हणाला.

मी दोन शिपाई पलीकडच्या वस्तीत झडतीला पाठवले, तिकडच्या ठाण्यालाही कळवलं आणि डोंगेवाल्यासमोर बसलो.

"भाऊ, मुलगी कुठे आहे?"

"सुखरूप हाये."

"पण कुठे?"

"ते मी नाई सांगत साहेब."

"आणि तुमच्या घरची?"

"तिच्याचजवळ हाये."

मी घाटावरच्या टपरीतून चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही. "आंघोळ झाल्याबिगर नाई घेत."

"काऊन रे, सासरी आला काय?" हवालदाराने टोमणा मारला. "आंघोळ करून मंगच चहा म्हणे!"

विद्यार्थ्यांसोबत आलेले प्राध्यापक संतापले. "साहेब, तुम्ही त्याला चहा काय पाजताय? अपहरणाचा गुन्हा नोंदवा. मुलीचे वडील निघालेत, त्यांना मी काय सांगू?"

त्यांची घालमेल खरी होती. मुलांनी डोंगेवाल्याचं मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि इंटरनेट मिळताच ते सगळीकडे जाणार होतं. गुन्हा नोंदला की अटक होणार, आणि तो उद्या निर्दोष सुटला तरी पुन्हा कुणी आपली लेक त्याच्या डोंग्यात बसवणार नव्हतं. दुसरीकडे, मुलगी खरोखर संकटात असेल तर माझा प्रत्येक मिनिटाचा उशीर तिला महागात पडणार होता.

शिपाई परतले. त्यांतला एक त्याच भागातला होता. तो म्हणाला, "सगळी घरं पाह्यली साहेब. पोरगी नाई, याची बायको पण नाई."

मी समोरच्या गोष्टींची बेरीज मांडली. पळवून नेणारा माणूस मुलगी सुखरूप असल्याची ग्वाही देत पोलिसांची वाट पाहत बसत नाही. आणि पुरावा धुणारा डोंगा धुऊन थांबतो, स्वतःच्या आंघोळीसाठी अडून बसत नाही. डोंगा धुतला, आंघोळीशिवाय चहा नाही, मुलीजवळ बाई आहे, आणि जागेचं नाव पुरुषाच्या तोंडून निघत नाही.

मी शिपायाला विचारलं, "वस्तीबाहेर बायकांची एक वेगळी झोपडी असते, ती पाहिली?"

त्याने मान खाली घातली. "ते घर नाई साहेब. ते कुर्मा हाये. तिथी पुरुष नाई जात."

पाळीच्या दिवसांत बायका ज्या झोपडीत वेगळ्या राहतात, तिला तिकडे कुर्मा म्हणतात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत, तिचा विषयही काढत नाहीत. पाळीतल्या बाईचा स्पर्श झाला की वस्तू धुतात आणि माणूस आंघोळीशिवाय काही खात-पीत नाही. आमच्यासोबत आलेल्या महिला शिपायांनी ते ऐकलं आणि दुसरा डोंगा ठरवून त्या लगेच निघाल्या.

ऊन उतरायच्या आत त्या मुलीला घेऊन परतल्या. चेहरा उतरलेला, पण स्वतःच्या पायांवर. तिचा जबाब मी जवळपास तिच्याच शब्दांत लिहून घेतला. "पोटात असह्य कळा येत होत्या. गटात सगळे मुलगेच, सरांना सांगायची लाज वाटली. स्वयंपाकाच्या मावशींना न सांगताच कळलं. त्यांनी जवळचं लुगडं माझ्या अंगावर पांघरलं आणि मला पलीकडे नेलं. तिथल्या बायकांनी शेक दिला, गरम पेज दिली. मला झोप लागली. सरांना निरोप मिळाला असेल असंच मला वाटलं."

निरोप पुरुषाने पुरुषाला द्यायचा होता. तो डोंगेवाल्याच्या तोंडून निघालाच नाही.

प्राध्यापक डोंगेवाल्यापाशी गेले. "अहो, निदान मला तरी बाजूला घेऊन सांगायचं!"

"पोरीची गोठ हाये सर," तो म्हणाला. "चार मानसांत कशी सांगू?"

मुलांनी माझ्यासमोर ते चित्रण पुसलं. मी डायरीत मुलगी मिळून आल्याची नोंद केली.

त्या झोपडीबद्दल माझं मत चांगलं नाही. फाटक्या छपराखाली बाईला वेगळं बसवणं मला पटत नाही आणि तिकडच्या सभांमध्ये मी ते बोललोही आहे. पण त्या दिवशी त्या मुलीला विसावा तिथेच मिळाला, हेही तितकंच खरं. पुढे चौकशीत कुणी गप्प राहिलं की आधी मी एक गोष्ट पाहू लागलो. हा माणूस स्वतःला वाचवतो आहे की दुसऱ्या कुणाची लाज? दोघांचा गप्पपणा वरून सारखाच दिसतो. पहिला माणूस घाबरलेला असतो, दुसरा मार खायलाही तयार असतो.

आम्ही निघण्याच्या तयारीत होतो, तेव्हा डोंगेवाला नदीतून वर आला. अंगावरून पाणी निथळत होतं. हवालदारासमोर उभा राहून म्हणाला,

"आता मांगव भाऊ चहा. सासरचा समजूनच पितो."

हवालदार टपरीकडे गेला, आणि त्या चहात त्याने साखर जास्त घालायला सांगितल्याचं मी ऐकलं.