अकरा हत्यारांचा डझन

सन एकोणीसशे छप्पन. माझं वय पंचवीस. धुळ्यात एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मी फिटर होतो, आणि हत्याराची पारख माझ्याइतकी अख्ख्या आग्रा रोडवर कुणाला नाही असं मानून चालत होतो. त्या वर्षाबद्दल आज लिहायला बसलो, कारण गेल्या महिन्यात जळगावला फत्तेशेठ गेले. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "मिस्तरीकाका, बाबा गेले..." मी एसटीनं पारोळा, एरंडोल करत पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. घरात माणसं बसली होती, आणि शेठ किती शांत स्वभावाचे होते ते जो तो सांगत होता. मीही मान हलवली. त्यांचा तो शांतपणा मी ज्या पंधरा दिवसांत पाहिला, त्याबद्दल चारचौघांत बोलायला मला तोंड नव्हतं. मी दुसरी यत्ता शिकलेला. नात म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं नको. केलेलं माझ्या हातानं, उतरू दे पण माझ्याच हातानं.

शेठचं घराणं मूळ मारवाडकडचं, आजोबांच्या वेळेपासून खानदेशात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. तेव्हा धुळ्यात त्यांचं हत्यारांचं दुकान होतं. पाने, छिन्न्या, कानशी, हातोडे, करवती. दुकानात तीन फळ्या. वरच्या फळीवर विलायती माल, शेफील्डकडचा. मधल्या फळीवर जर्मन. खालची फळी जालंधरची, ती नवी होती. फाळणीत तिकडून उठून आलेल्या कारागिरांनी जालंधरात पत्र्याच्या शेडी टाकून हत्यारं घडवायला सुरुवात केली होती. शेठ स्वतः आगगाडीनं तिथपर्यंत जाऊन आले होते. कोणत्या शेडीत पोलाद कसलं वापरतात, तापल्या लोखंडाला पाणी कोण देतो, मालक स्वतः भट्टीपाशी उभा राहतो की गादीवर बसतो, हे सगळं पाहून त्यांनी तीन शेडी निवडल्या होत्या. बाकीच्यांचा माल घेत नसत. मला म्हणायचे, "शिक्क्यावर गाव लिहिलेलं असतं मिस्तरी, हात लिहिलेला नसतो." मुंबईला काही लोक कुठल्याही लोखंडावर परदेशी नाव ठोकून देतात हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं. पण असल्या मालाला फसणारा मी नव्हे, असं मनात म्हटलं.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिली नाही. नवा डझन आला की त्यातलं एक हत्यार ते मोडायचे. वाइसमध्ये आवळून, वर पाइप चढवून, अंगाचा भार टाकून. मोडलं की दारात उजेडाला नेऊन आतला दाणा पाहायचे. बारीक रव्यासारखा निघाला तर उरलेले अकरा फळीवर जायचे. भरडीसारखा जाड निघाला तर अख्खा डझन परत. गिऱ्हाइकं हसायची, शेठचा डझन अकराचा असतो म्हणायची. ते विलायतीसुद्धा मोडायचे, आणि ते मला बघवायचं नाही. एकदा वरच्या फळीच्या डझनातली कानस मोडली तर आत भरड निघाली. मी म्हटलं, ही नकली असेल. शेठ हसले नाहीत. म्हणाले, "जालंधरचं मोडलं तर तुम्ही त्याला खराब म्हणता. विलायती मोडलं तर नकली म्हणता. मग विलायती खराब निघायचं तरी कधी?"  उत्तर आलं नाही की मला राग यायचा, तो स्वभाव अजून आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी कारखान्यात कापसाच्या गाठी दाबायचा प्रेस खोलायचं काम निघालं. कापूस यायच्या आत सगळं उघडून, गंजलेले नट फोडून, पुन्हा जुळवायचं. जुन्या छिन्न्या झिजल्या होत्या आणि विलायती माल मिळेनासा झाला होता. शेठनी खालच्या फळीवरच्या दोन छिन्न्या पुढ्यात ठेवल्या. वर सांगितलं की हिचं डोकं फुलेल, फुललं की घासून टाका, डोक्याला पाणी मात्र द्यायचं नाही. मी म्हटलं, लोखंड तुम्ही विकता, पाणी मी देतो, कोणी कोणाला शिकवायचं? त्यांनी छिन्न्या कागदात बांधून दिल्या.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. छिन्नीची धार कडक पाहिजे, पण ज्या डोक्यावर घण बसतो ते मऊ राहिलं पाहिजे. मऊ डोकं मार खाऊन पसरतं. कडक डोकं मार खाऊन फुटतं. भट्टीवरच्या नवख्या माणसालाही हे ठाऊक असतं, आणि मलाही होतं.

चार दिवसांत त्यातल्या एका छिन्नीचं डोकं कपाशीच्या बोंडासारखं फाकलं. जुने मिस्त्री जेवायच्या सुटीत बसले होते, त्यातला एक म्हणाला, "दगडू, तुझ्या जालंधरनं फेटा बांधला रे." सगळे हसले. मी इतकी वर्षं त्यांच्यापुढे विलायती-विलायती करत होतो, आणि आता माझ्याच हातात हे. ते विडी ओढायला बाहेर गेल्यावर मी भट्टी फुंकली. डोकं घासून सरळ केलं. धार तापवली, पाणी दिलं. मग उलटी धरली, डोकं लाल केलं आणि तेही बुडवलं. मनात एवढंच होतं की विलायतीचं डोकं असं फुलत नाही, तेव्हा विलायतीला तिकडे डोक्यालाही पाणी देत असतील. कानस फिरवून पाहिली तर डोक्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. ठोकली तर घंटेसारखी वाजली. मी खूश झालो. कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेसच्या खालच्या नटावर मी छिन्नी धरली आणि घण मारायला धर्मादाजी होते. माझ्या थोरल्या बहिणीचे, सखूअक्काचे यजमान. मीच त्यांना कारखान्यात चिकटवलं होतं. तिसऱ्या घावाला आवाज वेगळा आला... दाजींनी घण टाकला आणि उजव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसले. बोटांतून रक्त येत होतं. छिन्नीच्या डोक्याचा नखाएवढा टवका उडाला होता. माणसं धावली, मालक धावले. मालकांनी विचारलं, कोणतं हत्यार होतं? मी म्हटलं, "जालंधरचं." एवढा एकच शब्द. तो खोटा नव्हता, आणि म्हणूनच मला तो पुढे पंधरा दिवस धरून ठेवता आला.

दाजींना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टवका काढला, पट्टी बांधली, आणि डोळा राहील की जाईल ते पट्टी सोडल्यावर कळेल म्हणाले. छिन्नी मी फडक्यात गुंडाळून घरी ट्रंकेत तळाशी ठेवली. माझा तो एक शब्द तोवर गावभर झाला होता. धुळ्यातल्या फिटरांनी, सुतारांनी शेठकडून नेलेली जालंधरची हत्यारं परत आणून त्यांच्या पायरीवर टाकली. नुसती टाकत नव्हते, बोलतही होते. शेठ एकेक नग उचलून आत ठेवायचे. समोरच्या हॉटेलातून मी पाहिलं आहे. त्यांच्या जागी मी असतो तर भांडलो असतो. ते भांडले नाहीत.

चौथ्या दिवशी ते दवाखान्यात आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, ती छिन्नी मला द्या, मोडून पाहतो. मी सांगितलं, रागाच्या भरात पांझरा नदीत फेकली. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, त्या डझनातला एक नग मी मोडला होता, दाणा चांगला होता. परवा त्याच लॉटचे आणखी पाच मोडले. पाचांचाही चांगला. मग ती एकच कशी फुटली? हे ते मला विचारत नव्हते, स्वतःलाच विचारत होते. जाताना म्हणाले, "मोडून पाहूनही मला कळत नसेल, तर मी हत्यार विकू नये." मला वाटलं, बोलण्याची रीत असते. पण आठ दिवसांत कळलं की त्यांनी दोंडाईच्याच्या भावाला पत्र घातलं, तिकडे धान्याच्या धंद्यात येतो म्हणून. सोमवारी दुकानाची पाटी उतरणार होती.

इकडे अक्का रोज डबा घेऊन यायची. दाजींना भरवायची आणि मग माझ्याकडे वळायची, "भाऊ, दोन घास खाई ले." मी रडवेला दिसतो म्हणून तिला माझीच काळजी. तो घास गिळताना काय व्हायचं ते मला लिहिता येत नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं डोळा वाचेल. डोळा वाचला की आपोआप सगळं मिटेल, कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही...

शनिवारी पट्टी सोडली. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर बोटं धरली, मग कंदील धरला. दाजी म्हणाले, "काहीच दिखत नही." अक्कानं पदर तोंडात कोंबला. दुपारी शेठ आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, हात जोडले आणि दाजींना म्हणाले, "माझ्या नजरेनं तुमची नजर घेतली." दाजी उठून बसायला लागले. म्हणाले, "शेठ, तुमना काय दोष शे? लोखंड शे ते." मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. दोघांचीही काही चूक नाही, आणि दोघंही एकमेकांसमोर हात जोडून. 

दिवेलागणीला मी ट्रंक उघडली. फडकं काखेत मारून दुकानात गेलो. शेठ एकटेच फळ्यांवरचा माल खोक्यात भरत होते. मी छिन्नी गल्ल्यापुढे ठेवली. पांझरेत टाकली होती ना, असं त्यांनी विचारलं नाही. वाइसमध्ये धरली, फुटलेल्या डोक्यावर कानस फिरवली. कानस घसरली. पुन्हा फिरवली, पुन्हा घसरली. त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोकं का कडक केलंत?"

"विलायतीसारखं व्हावं म्हणून."

ते वरच्या फळीकडे वळले. नमुना म्हणून न विकता ठेवलेली एकच शेफील्डची छिन्नी उरली होती, ती काढली, माझ्या हातात दिली आणि कानसही दिली. मी तिच्या डोक्यावर कानस फिरवली. ती लोण्यात शिरावी तशी शिरली. मऊ होतं डोकं. जालंधरच्या छिन्नीचं होतं तितकंच मऊ. इतकी वर्षं मी विलायती हत्यार वापरत होतो, फुललेलं डोकं साणेच्या चाकावर घासतही होतो, पण तिथं पाणी आहे की नाही हे कानस लावून मी एकदाही पाहिलं नव्हतं. घासताना ते विलायतीचं झिजणं वाटायचं आणि जालंधरचं डोकं फाकलं की त्याचं हलकेपण वाटायचं. डोळ्यांना दिसायचं एकच, मी वाचायचो दोन.

मला वाटलं ते आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. ते खोक्यावर बसले. त्यांना राग आला होता की सुटल्यासारखं वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. पंधरा दिवस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला होता, आणि समोर मी उभा होतो. मी म्हटलं, शेठ, उद्या कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांना सांगतो, पाटी उतरवू नका. ते म्हणाले, पाटीचं मी बघतो. फाटकावर सांगा किंवा नका सांगू. मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मला आधी सांगितलंत, ते सोपं होतं म्हणून. माझा डोळा गेलेला नाही मिस्तरी."

पुढे पन्नासहून जास्त वर्षं आमचा संबंध राहिला. धान्याच्या धंद्यात ते गेले नाहीत; हत्यारांचं दुकानच त्यांनी जळगावला नेलं, तेव्हा वाइस मी बसवून दिली. त्या संध्याकाळचा शब्द त्यांनी कधी काढला नाही, मुलासमोर नाही, माझ्यासमोरही नाही. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. मी म्हणतो, त्यांना जे पाहायचं होतं ते त्यांनी एकदा उजेडात धरून पाहिलं होतं.

त्या शनिवारी मी घरी जाऊन आडवा झालो. उठलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि दवाखान्यात गेलो. अक्का खाटेशेजारी बसून दाजींना चहा पाजत होती. मी तिला उठू दिलं नाही. खाटेला वळसा घालून दाजींच्या डाव्या हाताला गेलो, म्हणजे त्यांना माझं तोंड नीट दिसेल, आणि खाली फरशीवर बसून सांगायला सुरुवात केली.