सर्किट कोणी पूर्ण केलं?

आधी एक सांगून टाकते. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, आणि कुणी 'आमच्या घरात काहीतरी आहे' म्हणालं की मी पहिल्यांदा त्यांचा मीटरबोर्ड बघायला मागते. माझ्या सासरी, खारबावला, देवघरातला बल्ब संध्याकाळी आपोआप मंद व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, गावदेवी येऊन गेली. मी म्हणायचे, शेजारच्या शेडमधले कापडाचे लूम चालू झाले, व्होल्टेज पडलं. दोघी आपापल्या जागी सुखी होतो. त्यामुळे हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखंच होतंय... पण लिहिते.

आमची शाळा पडघ्यापासून थोडी आत. बैठी इमारत, मागे प्रयोगशाळा, आणि व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचा कूलर. स्टीलचा, गावातल्या एका जमीनवाल्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. त्यावर वडिलांचा मिशीवाला फोटोही चिकटवलाय. हे आत्ताच सांगते, कारण पुढे तुम्ही विचारणार.

पिण्याच्या पाण्याजवळ चपला घालून जायचं नाही, हा आमच्या मुख्याध्यापकांचा नियम. म्हणजे मुलं चपला काढणार, अनवाणी ओल्या लादीवर उभी राहणार आणि स्टीलचा नळ धरणार. विजेच्या दृष्टीने याहून वाईट व्यवस्था कुणी मुद्दाम करायला सांगितली असती तरी जमली नसती. मी बोलून पाहिलं होतं. सर म्हणाले, पाणी म्हणजे देव आहे मॅडम. आता देवाशी कोण वाद घालणार?

एप्रिल होता, सकाळची शाळा. नववीला घरातलं वायरिंग शिकवत होते — फेज, न्यूट्रल, अर्थ. अर्थिंग कशाला, हे मुलांना पटकन कळत नाही. मी असं सांगते: फ्रिजच्या किंवा कूलरच्या पत्र्याला आतून चुकून फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर लागली, तर करंटला जमिनीत जायला माणसापेक्षा सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थची वायर. त्या वाटेने करंट एकदम जोरात गेला की एमसीबी, म्हणजे बोर्डावरचं लाइन तोडणारं बटण, आपोआप पडतो, आणि माणूस वाचतो. मग मुलांना लांब उभं करून मी होल्डरमधला बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावून दाखवते. अर्थिंग धड असेल तर बल्ब लख्ख पेटतो. (हा प्रयोग घरी करायचा नाही. मुलांनाही दटावून सांगते, तुम्हालाही.)

त्या दिवशी बल्ब पेटला नाही. फेज-न्यूट्रलला लावला, पेटला. फेज-अर्थला लावला, काही नाही. म्हणजे शाळेचं अर्थिंगच गेलं होतं. मी तास संपल्यावर लगेच कूलरचा प्लग काढला, त्यावर 'वापरू नये' असा कागद चिकटवला आणि नववीच्या मुलांना आणि सरांना सांगितलं. भिवंडीचे इम्तियाजभाई आमचं विजेचं काम बघतात, एरवी लूमच्या शेडांची वायरिंग करतात. ते दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले, तर कूलर चालू! कागद घडी करून खिडकीत ठेवलेला. आमचे शिपाई भोईरमामा शांतपणे म्हणाले, "पोरा तहानली व्हती मॅडम. गरम पानी कोन पिनार?" त्यांच्याशी नंतर भांडू म्हणून मी व्हरांड्यातून कूलरकडे निघाले. अर्ध्या वाटेत असताना बोर्डातून खट् असा आवाज आला आणि कूलरची घरघर थांबली. एमसीबी पडला होता.

कूलरसमोर सुगंधा उभी होती. नववीतली, वरच्या पाड्यावरची, वर्गात क्वचितच तोंड उघडणारी मुलगी. अनवाणी, पायाखाली पाणी, हातात रिकामी बाटली. आवाजानंतर ती पुढे झाली, नळ धरला आणि बाटली भरायला लागली. मी ओरडले. ती दचकून मागे सरली, बस. तिला काही झालं नाही. लाइन आधीच तुटली होती, व्हायचं कारणही नव्हतं.

इम्तियाजभाईंनी येऊन कूलर मागून उघडला. कॉम्प्रेसरकडे जाणारी फेजची वायर थरथरून थरथरून सोलवटली होती आणि पत्र्याला टेकली होती. म्हणजे नळापर्यंत सगळ्या कूलरमध्ये करंट. मी म्हटलं, एमसीबी पडला म्हणून पोरगी वाचली. मागे जाऊन त्यांनी अर्थिंगचा खड्डा, जिथे अर्थची वायर पुरलेल्या प्लेटला जोडतात तो, खणायला लावला आणि मला बोलावलं.

"देखो मॅडम. पट्टी गलून गेली, प्लेट अलग पडली. अर्थिंग है ही नहीं. मग एमसीबी पडला कशाने?"

मग त्यांनी सगळ्यांना लांब करून कूलर तसाच पुन्हा चालू केला. कूलर घरघरायला लागला. नळाला टेस्टर लावला, तो भक्कन पेटला. एमसीबी ढिम्म. आम्ही बराच वेळ बघत उभे राहिलो, तो पडला नाही. सकाळीही पडायला नको होता. सुगंधाच्या हातात नळ आला तेव्हा त्यात करंट असायला हवा होता. पुढचं मी मनातही पूर्ण केलं नाही.

एमसीबी खराब असेल म्हणून त्यांनी तो दुकानात नेऊन तपासला. चांगला निघाला. आत क्षणभर शॉर्ट झालं असेल, असं मी म्हटलं, पण मग कुठेतरी जळल्याची खूण दिसली असती. ती नव्हती. त्या लाइनवर दुसरं काही जोडलेलंही नव्हतं. आता नवीन अर्थिंग आहे, जरासा करंट गळला तरी लाइन तोडणारा ईएलसीबी आहे, आणि पाण्यापाशी चपला घालून जायला परवानगी आहे. सरांनी देवाची समजूत काढली असावी.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्याच दिवशी शाळा सुटताना मी सुगंधाला बाजूला घेतलं. रागवायलाच घेतलं होतं. वापरू नये म्हणून तुझ्यासमोर सांगितलं होतं, मग तिथे बाटली घेऊन उभी काय होतीस?

"पुढं एक बाय पानी पीत व्हती," ती म्हणाली. "तिचं होऊ दे म्हनून थांबले."

मी व्हरांड्यातून सरळ कूलरकडे बघत येत होते. तिथे सुगंधाशिवाय कुणी नव्हतं. कसली बाई, म्हणून विचारलं. डोक्यावर चुंबळ, लुगडं वर खोचलेलं, वाकून एका हाताने नळ धरलेला. खट् आवाज झाला तशी ती सरळ झाली आणि बाजूला झाली. सुगंधाला वाटलं, झालं पिऊन. कुठे गेली ते तिने बघितलं नाही.

जवळ गोदामाचं बांधकाम चालू होतं, तिथे घमेली वाहणाऱ्या बाया असतात. मी जाऊन विचारलं. त्या सकाळी काम सुरूच झालं नव्हतं. शाळेत किंवा त्या जागेवर पूर्वी कुणी शॉक लागून गेलंय का, तेही गावात विचारलं. नाही. कूलरवरचा फोटो तर मिशीवाल्याचाच. गोष्टींमध्ये सापडतं तसं मला काहीच सापडलं नाही.

आणि समजा, खरीच कुणी बाई होती. तरी उत्तर जुळत नाही. माणसाच्या अंगातून जाणारा करंट जीव घ्यायला पुरतो, पण एमसीबी पाडायला पुरत नाही. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते. सुगंधानेही लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी बोलणं संपल्यावर दप्तर उचलून ती दारापर्यंत गेली आणि थांबली. मग वळून विचारलं, "मॅडम, तिला शॉक लागला असंल का?"

"नाही गं," मी म्हणाले.

तिला ते पटलं, ती घरी गेली. मी कशाच्या आधारावर म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.